झटका देऊ नका

येलदरीच्या फुगवट्यावर गळ घेऊन जाणाऱ्या सेनगाव तालुक्यातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांना आणि पोरासोरांनाही, एक विनंती आहे. पाण्याखाली गरी कशाला तरी टेकली, की झटका देऊ नका. एवढं एक पाळलंत तर पुढचं निम्मं वाचलं नाही तरी चालेल. गरी फसते ती तिथं बाभूळ आहे म्हणून कमी, आणि आपण घाबरून हिसका दिला म्हणून जास्त. फांदीवर नुसती टेकलेली गरी हलक्या हातानं परत येते. हिसका बसला की तिचं टोक लाकडात रुततं, आणि मग तंगूस तुटेपर्यंतची ओढाताण सुरू होते.

आपल्या पाण्यात झुडपं इतकी का, हे आधी नीट समजून घ्या, म्हणजे त्यांचा राग येणार नाही. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झालं. भिंत आणि साडेबावीस मेगावॅटचं वीजघर जिंतूर तालुक्यात, पण पाण्याचा फुगवटा वर आपल्या सेनगाव तालुक्याच्या शिवाराला येऊन भिडतो. धरण मोठं, ९०० दलघमीहून जास्त पाणी साठवणारं. पण मराठवाड्यातलं धरण, ते दरवर्षी भरेलच असं नाही. पाऊस हुकला की पाणी मागे सरतं आणि मैलोन्‌मैल तळ उघडा पडतो. त्या ओल्या तळात लोक गाळपेर करतात, हरभरा घेतात, टरबूज घेतात. पिकाला जनावर लागू नये म्हणून काट्याच्या कुपाट्या घालतात. जिथं कोणी पेरत नाही तिथं येडी बाभूळ माजते. दोन-तीन कोरडी वर्षं मिळाली तर ती डोक्यावर जाते. कडेकडेनं बेशरम उगवते, ती तर कोणाला विचारतच नाही. मग एखाद्या वर्षी पाऊस धो धो लागतो, वरून खडकपूर्णाचं पाणी सुटतं, आणि बाभळी, कुपाट्या, बेशरम, जुने बांध, आखाड्याच्या पडक्या भिंती, सगळं आहे त्या जागी पाण्याखाली जातं. वरून पाहिलं तर नुसतं निळं पाणी.

बाभळी, कुपाट्या आणि बेशरम पावसाच्या दर ओढीला जागा बदलतात. म्हणून मागच्या भरतीच्या आठवणीवर गळ टाकू नका. त्या वेळी जिथं मोकळा तळ होता, तिथं आज बाभूळबन असू शकतं.

आणि मासा तिथंच बसतो. बुडालेल्या फांदीवर काही दिवसांत शेवाळ धरतं, शेवाळावर किडे येतात, किड्यांमागे झिंगे आणि बारीक मासळी येते, आणि त्यांच्यामागे मरळ. सरकारनं २०२३ साली पापलेटाला राज्याचा मासा ठरवलं, त्याबद्दल कोकणाचं अभिनंदन. पण सेनगावच्या बाजारात आलेल्या माणसाला विचाराल तर राजा मरळच, आणि या राजाचा वाडा काट्यातच असतो. आफ्रिकेत बेनिन नावाच्या देशातले कोळी खाडीच्या उथळ पाण्यात मुद्दाम फांद्या रोवून माशांना घर करून देतात. आसामच्या तळ्यांमध्येही फांद्या आणि जलपर्णी एका जागी गोळा करून मासा जमवायची जुनी रीत आहे. अमेरिकेत नाताळ संपला की वापरलेली झाडं वजन बांधून तलावात बुडवतात, तीही माशांसाठीच. लोक जे मेहनत करून उभं करतात ते आपल्याला फुकट मिळालंय. तेव्हा गरी अडकते म्हणून उन्हाळ्यात कोयता घेऊन काठावरची झुडपं साफ करणाऱ्यांनी, किंवा पेटवून देणाऱ्यांनी, हात आवरावा. झुडूप गेलं की गरी अडकणार नाही हे खरं. पण तिला मासाही लागणार नाही.

आता कामाची गोष्ट. खरी मासेमारी दिवाळीनंतर होत असेल, पण तिची तयारी मे महिन्यात करायची असते. पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेव्हा एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, गळ घरी ठेवून नुसतं फिरायला जा. जिथं पुढं गळ टाकायचा तो तळ पायाखाली घाला. बाभळीचं रान कुठं संपतं, कुपाटी कोणत्या बाजूला आडवी पडली आहे, ओढ्याचा जुना काठ कुठं आहे, दोन झुडपांच्या मधे मोकळी वाट कुठं आहे, हे डोळ्यांनी बघून ठेवा. मोबाइलच्या नकाशात त्या जागेची खूण करून ठेवा आणि चार दिशांनी फोटो काढा. मोबाइल नसेल किंवा त्यावर भरवसा नसेल तर दर्यावर्दी कोळ्यांची रीत वापरा: काठावरचं एक झाड आणि त्याच्या मागं दूरवर दिसणारा मंदिराचा कळस किंवा मोबाइलचा टॉवर एका रेषेत येतो का बघा, दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी शोधा. पाणी भरल्यावर त्या दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतील, तिथं तुमचं झुडूप.

त्यावर किती पाणी आहे हेही घरबसल्या काढता येतं, आणि हे फार थोडे लोक करतात याचं मला नवल वाटतं. धरणाची पातळी मीटरमध्ये रोज मोजली जाते. येलदरी पूर्ण भरलं म्हणजे ती ४६१.७७ मीटर. पावसाळ्यात हे आकडे वर्तमानपत्रात येतात, गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतात. समजा मे अखेरीस पातळी ४५२ होती आणि त्या दिवशी एक बाभूळ नेमकी पाण्याच्या कडेला उभी होती. दिवाळीत पातळी ४५९ झाली. म्हणजे बाभळीच्या बुंध्याशी सात मीटर पाणी आलं. बाभूळ दोन पुरुष उंच, म्हणजे साधारण साडेतीन मीटर, असेल तर तिच्या शेंड्यावर अजून साडेतीन मीटर मोकळं पाणी आहे. तुमचं आमिष पाण्याच्या वरून किती खोल लोंबवायचं ते इथंच ठरलं. ज्यांना मे महिन्यात जाणं जमलं नाही त्यांनी आधी गरीशिवाय नुसतं वजन बांधून तंगूस टाकावं आणि हळू ओढत आणावं. मातीवरून वजन गुळगुळीत सरकतं, खडकावर टकटक करतं, आणि फांदीवर आलं की जड होतं, मग एकदम सुटतं. पाच-सहा फेकीत तळाचा अंदाज येतो. गरीच नसल्यानं गमवायचं काही नसतं.

झुडूप कोणतं आहे त्यानंही फरक पडतो. बेशरमीची काडी पोकळ, तिच्यात गरी गेली तर बहुतेक वेळा काडी तुटून तिच्यासकट बाहेर येते. पळस किंवा इतर मऊ लाकूड पाण्यात कुजलं की गरी सहज रुतते, पण थोड्या ओढीनं भुगा होऊन सुटतेही. बाभळीचं तसं नाही. ते लाकूड पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं, आणि गरीपेक्षा तंगूसच तिच्या काट्यांना आणि बेचक्यांना गुंडाळतं. बाभळीजवळ म्हणूनच लांब, तिरकी ओढ घ्यायचीच नाही.

ओढायची दिशा हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग. कोणतंही झाड आठवून बघा. फांद्या बुंध्यापासून निघून शेंड्याकडे फाकत जातात. गरी बुंध्याकडून शेंड्याकडे ओढली तर ती फांदीवरून घसरत टोकाला येते आणि मोकळी होते. शेंड्याकडून बुंध्याकडे ओढली तर थेट बेचक्यात जाऊन बसते. उभ्या बाभळीतून म्हणूनच सरळ वर उचललेली गरी सुटते. आडवी पडलेली बाभूळ असेल, बुंधा काठाला आणि शेंडा खोल पाण्यात, तर काठावर उभं राहून शेंड्यापलीकडे फेकणं आणि आपल्याकडे ओढणं म्हणजे गरी हातानं बेचक्यात ठेवून येणं. अशा वेळी जागा बदला. झाडाच्या बाजूला चार-पाच हात सरका आणि झाडाला समांतर, त्याच्या कडेकडेनं फेका. मरळ फांद्यांच्या आत बसलेली असली तरी तिची नजर बाहेरच्या मोकळ्या पाण्यावर असते. कडेनं बेडूक गेला तर ती येते.

इथं आपल्या जुन्या लोकांच्या बांबूच्या काठीची आठवण काढली पाहिजे. रिळाची चकचकीत काठी आल्यापासून पोरं बांबूला हसतात. पण लांब बांबू, त्याच्या टोकाला काठीएवढंच किंवा त्याहून आखूड तंगूस, खाली एक गरी आणि गांडूळ, हे झुडपातल्या मासेमारीचं आजही सगळ्यात चांगलं हत्यार आहे. दोन फांद्यांच्या मधल्या फटीत आमिष सरळ खाली सोडायचं आणि सरळ वर उचलायचं. आडवी ओढ नाही, म्हणून गरीचा फांद्यांशी संबंधच कमी येतो. मासा लागला की तोही सरळ वर येतो, त्याला झुडपाभोवती फेरा घालायला सवड मिळत नाही. दूर फेकता येत नाही हे खरं. पण काठाजवळची झुडपं सोडून लांबच फेकायचं का, याचा विचार करा.

काही जण बूच लावतात, त्यांनी आमिष तळाला टेकू देऊ नये. आधी खोली मोजा आणि धांड्याचं किंवा थर्माकोलचं बूच अशा जागी बांधा की आमिष झुडपाच्या शेंड्यापासून हातभर वर लोंबेल. मासा वर येऊन खातो, आमिष खाली न्यायची गरज नाही. वारा झुडपाकडे वाहत असेल तर बूचही तिकडंच जाणार. अशा दिवशी झुडपाच्या दुसऱ्या बाजूला बसा, म्हणजे वारा आमिष झुडपापासून दूर नेईल. एवढी साधी गोष्ट, पण ऊन कुठून लागतं आणि सावली कुठं आहे हे बघून बसणारेच जास्त.

रोहू, मृगळ, कटला, सायप्रिनस हे मासे पकडायचे असतील तर झुडपात शिरायचंच कशाला? त्यांना बाहेर बोलवा. करडीची किंवा शेंगदाण्याची पेंड, थोडा कोंडा आणि बांधावरची चिकण माती मळून मुठीएवढे गोळे करा. झुडपापासून सात-आठ हात बाहेर, मोकळ्या तळावर, रोज एकाच वेळी टाका. दोन-तीन दिवसांत त्यांना सवय लागते. मग त्याच जागी कणकेच्या गोळीत गरी लपवून टाका. मरळ मात्र पेंडीला विचारणार नाही, ती मांसाहारी. तिच्यासाठी काट्याजवळ जावंच लागतं.

तिच्यासाठी सामान कोणतं, तर पहिलं म्हणजे तीन काट्यांची गरी खोक्यातून काढून ठेवा. दुकानातून येणाऱ्या बहुतेक नकली माशांना तीन काट्यांच्या दोन-दोन गऱ्या लावलेल्या असतात. मोकळ्या पाण्यात ठीक, झुडपात सहा टोकांपैकी एक कुठंतरी रुतणारच. त्या काढून मागे एकच एक-काटी गरी लावा. रबरी बेडूक मिळतो तो मरळीसाठीच असावा असा आहे: गरीची टोकं त्याच्या पाठीला चिकटून असतात, वरून फांदी घासली तरी रुतत नाहीत, आणि मरळीनं तोंडात दाबला की रबर चपटं होऊन टोकं बाहेर येतात. पाण्यावर तरंगतो, त्यामुळे झुडपावरून उड्या मारत आणता येतो. मऊ रबरी किडा वापरत असाल तर गरीचं टोक त्याच्या अंगातच टोचून लपवा. टोक उघडं दिसायला नको. मासा चावला की ते बाहेर येतं, फांदीला नुसतं घासलं तर येत नाही.

वजन निमुळतं घ्या, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं. चौकोनी किंवा गोल शिसं फांदीच्या बेचक्यात बसतं, निमुळतं घसरून जातं. तळाला बसवायचा गळ असेल तर वजन मुख्य तंगुसाला बांधूच नका. एक वीतभर कमजोर दोऱ्यानं, शिवणकामाच्या दोऱ्यानंही चालेल, ते खाली लोंबवा. अडकलं तर दोरा तुटेल, वजन जाईल, गरी आणि मासा दोन्ही वर येतील. आणि जाणार असलेलं वजन शिशाचंच कशाला? शिसं विषारी आहे. ब्रिटनमध्ये गळकऱ्यांनी टाकलेलं शिसं गिळून हंस मरू लागले, म्हणून १९८७ पासून तिथं गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. सेनगावच्या गॅरेजात जुने नटबोल्ट आणि मोटारसायकलचे जळालेले स्पार्क प्लग ढिगानं पडलेले असतात. एक प्लग उत्तम वजन होतो आणि गेला तर वाईट वाटत नाही.

तंगूस झुडपाजवळ बारीक वापरू नका, ०.४० मिलिमीटरच्या आसपास असावं. बारीक तंगुसाला जास्त मासे लागतात हे खरं, पण लागलेले मासे झुडपात तुटून जातात आणि तोंडात गरी घेऊन फिरतात. गरी मात्र उलट पातळ तारेची घ्या. जाड तंगुसानं हळूहळू ताणलं तर पातळ तारेची गरी सरळ होते आणि सुटते, मग पक्कडीनं पुन्हा वाकवा. गाठ मारताना ती थुंकी लावून ओली करून ओढा, नाहीतर घर्षणानं नायलॉन तिथंच कमजोर होतं. झुडपात दोन-चार वेळा घासल्यावर शेवटचं हातभर तंगूस बोटांत धरून बघा; खरखरीत लागलं तर तेवढं कापून नवी गाठ मारा. गरीच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. लाकडातून सुटतं, माशाच्या तोंडातून सुटतं, आणि कधी आपल्याच बोटात गेलं तर बोटातूनही सुटतं. तसं झालंच तर घरगुती उपाय करत बसू नका, ग्रामीण रुग्णालयात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

आता टेकलेली गरी. ती फांदीवर आली हे हाताला कळतं: ओढ जड होते, पण हलत नाही. मासा असेल तर ती ओढ चालते, तंगूस बाजूला सरकतं, काठीचं टोक थरथरतं. हलत नसेल तर थांबा. तंगूस थोडं सैल सोडा. बेडूक असेल तर तो स्वतःच तरंगून मागे येईल. मग काठीचं टोक हळूच वर उचला, पुन्हा सोडा, पुन्हा उचला. फांदी चढून गरी पलीकडे उतरली की हाताला एकदम हलकं लागतं. गंमत म्हणजे मरळ बऱ्याचदा याच क्षणी झडप घालते, कारण फांदीवर अडखळून सुटलेला प्राणी तिला घाबरलेला वाटत असावा. मासा लागला याची खात्री पटली की मात्र काठी ठामपणे वर उचला आणि एक इंचही तंगूस देऊ नका. पहिल्या काही सेकंदांत तिचं तोंड झुडपाबाहेर वळवलं नाही तर ती बुंध्याला फेरा घालते.

एवढं करूनही गरी रुतलीच तर? ज्या दिशेनं ओढत होता त्याच दिशेनं जोर लावणं बंद करा. ती आत गेली ती तिकडूनच, ती बाहेर येणार उलट्या बाजूनं. काठानं चालत शक्य तेवढं पलीकडे जा आणि तिथून हलकं ओढा. सुटली नाही तर काठी खाली ठेवा, तंगूस ताणून धरा, दुसऱ्या हाताच्या बोटानं ते धनुष्याच्या दोरीसारखं मागे खेचा आणि एकदम सोडा. त्या धक्क्यानं वजन मागे उडी मारतं आणि गरी घेऊन सुटतं. पाच-सहा वेळा करून बघा. त्यानंही झालं नाही तर सायकलच्या जुन्या साखळीचा वीतभर तुकडा कामाला येतो: तो किल्ल्यांच्या कडीत ओवून कडी तंगुसात अडकवा, साखळीला वेगळी मजबूत सुतळी बांधा आणि तंगुसावरून घसरू द्या. साखळी जाऊन गरीवर आपटते, कधी त्या धक्क्यानंच गरी सुटते, कधी गरी साखळीत गुंतते आणि मग सुतळीनं सगळंच ओढून काढता येतं. हे साधन झोळीत ठेवायला काहीच जड नाही.

शेवटी तोडायचंच ठरलं तर तंगूस हाताला गुंडाळून ओढू नका. नायलॉन बोट कापतं, हाडापर्यंत जातं. एखाद्या काटकीला दोन-चार वेढे द्या, काठी बाजूला ठेवा, तोंड फिरवा आणि सरळ रेषेत हळूहळू ताण वाढवा. तोंड फिरवा असं सांगतोय कारण अचानक सुटलेलं वजन थेट डोळ्यांवर येतं.

पाण्यात उतरून गरी काढायला जाऊ नका. हे मी आवाज चढवून सांगतोय असं समजा. पाच-पन्नास रुपयांच्या गरीसाठी, ऑनलाइन मागवलेल्या दोनशेच्या बेडकासाठी, चांगलं पोहता येणारी पोरंही पाण्यात उतरतात. गाळपेरीची जमीन पाण्याखाली गेली की तिचा चिखल होतो, आणि पाय एकदा आत गेला की तो ओढताना दुसरा जास्त आत जातो. तळात जुन्या विहिरी असतात, पाण्याचे चर असतात. बाभळीचा काटा पायात गेला की माणूस खाली वाकतो, आणि त्याच क्षणी शर्ट दुसऱ्या फांदीला अडकतो. पोहणं येणं आणि काट्यातून सुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आईबापांनी पोरांना गळ द्यावा, पण बूट घालून, आणि एकट्यानं जाऊ नये या अटीवर. काठच्या गवतात घोणस असते; बुटांचा उपयोग तिथंही होतो.

विजेचं एक सांगायचं राहिलं. फुगवट्याच्या काठानं शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत, त्यांच्या केबल आणि पाइप पाण्यात पसरलेले असतात. गरी कशात अडकली हे दिसत नसेल आणि जवळ मोटार असेल तर ओढू नका, मोटार ज्याची आहे त्याला हाक मारा. त्याची केबल सोलली जाऊ नये यात तुमचंही भलं आहे. आणि वर बघा: शेतातून जाणाऱ्या तारा बऱ्याच ठिकाणी खाली झोळलेल्या असतात. कार्बनची काठी वीज वाहून नेते, ओला बांबूही नेतो. तारेखाली काठी उभी धरून चालू नका, तिथून फेकू तर मुळीच नका.

दोन गोष्टी नियमांच्या. धरणातल्या मासळीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांचे लोक बीज सोडतात, जाळी सांभाळतात, त्यावर त्यांची घरं चालतात. जाण्याआधी त्यांना विचारा, परवानगी लागत असेल तर घ्या. बोलायला गेलात तर झुडपं कुठं आहेत हे तेच सगळ्यात चांगलं सांगतील, कारण त्यांची जाळी त्याच झुडपांत फाटलेली असतात. दुसरी गोष्ट त्यांच्यासाठी, जे झुडपातला मासा निघत नाही म्हणून पाण्यात औषध टाकतात किंवा सुरुंग लावतात. हा गुन्हा आहे, आणि आजचा नाही, इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यापासूनचा आहे. त्या पाण्यावर जनावरं येतात, माणसंही पितात.

पावसाळ्यात झुडपाच्या कडेला पाण्यावर लालसर पिलांचा घोळका फिरताना दिसला तर त्याच्या खाली मरळीची जोडी राखण करत असते, नर आणि मादी दोघंही. पिलांच्या मधे काहीही टाकलं तरी ते चिडून त्यावर तुटून पडतात, म्हणून या दिवसांत मरळ पकडणं अगदी सोपं होतं. तसं पकडू नका. आईबाप गेले की तो अख्खा घोळका थोड्याच वेळात दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

आणि तुटलेलं तंगूस पाण्यात किंवा काठावर टाकून येऊ नका. झुडपात राहिलेलं तंगूस मासे धरतच राहतं, ते काढायला कोणी येत नाही. काठावर राहिलेलं बगळ्यांच्या आणि टिटव्यांच्या पायांत गुंततं, शेळ्यांच्या पोटात जातं. रिकामी पाण्याची बाटली बरोबर न्या, तुटलेले तुकडे तिच्यात कोंबा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाभळींवर मागच्या हंगामातली तंगुसं लोंबताना दिसतील, त्यांत तुमच्याही एक-दोन गऱ्या सापडतील. मे महिन्यात तळ बघायला जाल तेव्हा ती सोडवून आणा. बरोबर एक कात्री आणि जाड हातमोजे ठेवा.